हायब्रिड गाडीला पुरात हात लावला तर करंट बसत नाही

परवा रात्री साडेनऊला पेठमापहून आत्याचा फोन आला. आठ वाजले की ती अंथरुणाला पाठ टेकते, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच छातीत धस्स झालं. म्हणाली, "बाबू, पोलिसांच्या त्या नव्या गाड्या येतायत ना, त्या पाण्यात करंट मारतात म्हणे. परत पूर आला आणि न्यायला तसली गाडी आली तर मी बसायची नाय हां, आत्ताच सांगून ठेवते. घरात बुडेन, पण करंटनं मरण नको."

आत्या बहात्तर वर्षांची आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं, तेव्हा शेजारच्या दोन बायकांबरोबर ती दिवसभर माळ्यावर बसून होती. तिघींत पिण्याचं पाणी एक कळशी. संध्याकाळी होडी आली आणि खिडकीतून त्यांना उतरवून घेतलं. त्या बाईच्या मनात आता सुटकेला येणाऱ्या गाडीचीच भीती भरली गेली आहे. मी याच गावात बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

ही भीती घालणारा मेसेज तिला बचत गटाच्या ग्रुपवरून आला. दुसऱ्या दिवशी तोच मला गॅरेजमधल्या पोराच्या फोनवर दिसला, संध्याकाळी एका गिऱ्हाईकाने दाखवला. मजकूर थोडक्यात असा: कोकणातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांना 'पुढच्या आठवड्यात' हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या, गस्ती गाड्या मिळणार, अमेरिकेत त्यांचं अनावरण झालंय, फोटो बघा. या गाड्यांत ४०० व्होल्टची बॅटरी असते, ती पाण्यात गेली की वीस मीटरपर्यंत पाण्यात करंट उतरतो, म्हणून पुरात अशा गाडीजवळ जाऊ नका, तिच्या दाराला हात लावू नका, पोलिसांनी बोलावलं तरी बसू नका. पुढे आणखी तीन गोष्टी: बॅटरी संपली की घाटात गाडी थांबते, आत बसणाऱ्याला रेडिएशनने कॅन्सर होतो, आणि हा सगळा जनतेच्या पैशाचा चुराडा आहे. शेवटी 'आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा'.

आधी करंटचंच बघू, कारण जीव जाईल तर तो या मुद्द्यापायी.

घरातल्या विजेचा धक्का ओल्या हाताला का बसतो? महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जमिनीत गाडलेला असतो. फेज तुमच्या अंगातून जमिनीत उतरला की त्याला परतीची वाट मिळते, सर्किट पूर्ण होतं. म्हणून तुटून पाण्यात पडलेली तार जीव घेते. हायब्रिड गाडीच्या मोठ्या बॅटरीचं तसं नसतं. आपल्या साध्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, त्याला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. हायब्रिडच्या उच्च दाबाच्या बॅटरीचं प्लस आणि मायनस, दोन्ही टोकं बॉडीपासून तोडून ठेवलेली असतात. तिच्या करंटला परत जायचं असतं ते स्वतःच्याच दुसऱ्या टोकाकडे. बॅटरीच्या खोक्यात पाणी शिरलं तर तो दोन टोकांमधल्या पाण्यातून वाहील आणि आतल्या आत बॅटरी खराब करील. तुमच्या पायातून, नदीतून आणि गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत जाण्याचं त्याला काहीच कारण नाही.

शिवाय बॅटरीच्या तोंडाशीच मोठे रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, असतात. गाडी बंद केली की ते उघडतात, म्हणजे सर्किट तोडतात, अपघातात एअरबॅग फुटली तरी उघडतात. म्हणजे वीज खोक्याच्या बाहेरच येत नाही. बॉडीकडे करंट गळतोय का, हे पाहणारं सर्किट वेगळंच असतं आणि ते सतत चालू असतं.

मी हे नुसतं वाचून सांगत नाही. माझ्याकडे अशी गाडी आली की पहिली गोष्ट म्हणजे १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे. मग सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग, काढून खिशात टाकायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरते. त्यानंतरच अंगठ्याएवढ्या जाड नारिंगी केबलींना हात. नारिंगी रंग मुद्दाम असतो, लांबूनही ओळखू यावा म्हणून. या केबली गाडीच्या पोटाखालून जातात आणि फाटलेली, उघडी पडलेली नारिंगी केबल दिसली तर तिला कोणीही हात लावू नये, हे मी शंभर वेळा सांगेन. पण दार, बॉनेट, टप, हँडल यांचा त्या केबलींशी काही संबंध नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर टोयोटाने प्रियस गाडीसाठी अग्निशमन दल आणि बचाव पथकांकरता काढलेली मार्गदर्शिका वाचा. जगात सर्वांत जास्त हायब्रिड विकलेली कंपनी बचावासाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसालाच उद्देशून लिहिते की, बुडालेल्या हायब्रिड गाडीच्या धातूच्या बॉडीवर उच्च दाबाची वीज नसते आणि तिला हात लावणं सुरक्षित आहे. वीस मीटर अंतर ठेवा असं त्यात कुठेही नाही. असतं तर गाडीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचं कोणी आणि कसं?

पुरात करंटने माणूस मरतो हे खरं आहे. पण तो करंट असतो विजेच्या खांबाचा, रोहित्राचा, घराबाहेर ओढलेल्या एक्स्टेंशनचा. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आणि पाण्याच्या ओढीबद्दलही नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेतं, दोन फूट पाण्यात जवळपास कोणतीही गाडी तरंगते, मग ती डिझेलची असो की हायब्रिड. पोलीस म्हणाले 'चला' तर पाणी गुडघ्याच्या खाली असतानाच निघायचं असतं. 'गाडी कसली आहे' हे विचारत दारात उभं राहिलं तर तीच दहा मिनिटं जातात. २१ च्या जुलैमध्ये पहाटे पाणी किती भराभर चढलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

आता यातली अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. नाइलाजाने करतो, पण लपवणार नाही. धोका खाऱ्या पाण्याचा आहे आणि तो नंतरचा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरात समुद्र आत आला आणि तिथे उभ्या असलेल्या सोळा फिस्कर कर्मा हायब्रिड गाड्या जळाल्या. कंपनीच्या तपासात कारण निघालं ते असं: कंट्रोल युनिटमध्ये मीठ साचून गंज चढला, शॉर्ट झालं आणि आग लावली ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीने. लिथियम बॅटरीतही खारं पाणी शिरलं तर काही दिवसांनी आग लागू शकते. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत ते घडलं. आपल्याकडे पूर आणि भरती एकत्र आली की खाडीचं पाणी वर चढतं, त्यामुळे दाभोळपासून वरपर्यंत ज्यांची गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल त्यांनी ती घरापासून, गोठ्यापासून पन्नासेक फूट लांब, उघड्यावर ठेवावी, चालू करून बघू नये आणि मेकॅनिकला बोलवावं. हा सल्ला गाडीच्या मालकाला आहे. बुडणाऱ्या माणसाला 'गाडीत बसू नकोस' असं सांगणं यातून कसं निघालं, हे मला कळलेलं नाही.

फोटोची गोष्टही सांगायला हवी, कारण 'फोटो आहे म्हणजे खरं' असं आत्यासुद्धा म्हणाली. मी तो मोठा करून पाहिला. स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. काळी-पांढरी सेडान, मागे कापडी पडदा, दिव्यांचा झोत. ही फोर्डची पोलीस रिस्पॉन्डर हायब्रिड दिसते. फोर्डने ती १० एप्रिल २०१७ ला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये दाखवली. फ्युजन नावाच्या घरगुती हायब्रिडवर पोलिसांसाठी भारी सस्पेन्शन आणि ब्रेक चढवलेली गाडी. फ्युजनचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, तिच्याबरोबर हीसुद्धा गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ही गाडी पुढच्या आठवड्यात खेडच्या पोलीस ठाण्यात कुठून येणार?

अनावरण म्हणजे गाडी दारात आली, असं लोकांना वाटतं. आमच्या धंद्यात असल्यामुळे मला त्यातल्या पायऱ्या माहीत आहेत. आधी काळ्या-पांढऱ्या नक्षीचं स्टिकर लावून, आकार झाकून गाडी रस्त्यावर फिरवतात. मग दिव्याचा नाहीतर ग्रिलचा एखादा अर्धवट फोटो सोडतात. मग पडदा ओढतात. त्या दिवशी स्टेजवर उभी असलेली गाडी बऱ्याचदा कारखान्याच्या लाइनवरून उतरलेलीही नसते. त्यानंतर बुकिंग, त्यानंतर किंमत आणि सर्वांत शेवटी डिलिव्हरी. मारुतीची ग्रँड व्हिटारा घ्या. २० जुलै २०२२ ला दाखवली, किंमत कळली २६ सप्टेंबरला. घरगुती गाडीला एवढे दिवस लागतात. पोलिसांची तर शोरूममधून उचलता येत नाही. मागणी, मंजुरी, निधी, खरेदी, मग वायरलेस आणि दिवे बसवणं, आणि मग एक दिवस कोणीतरी हिरवा झेंडा दाखवतो. फोर्डच्याच त्या गाडीसाठी २०१७ च्या वसंतात ऑर्डर घ्यायला लागले आणि ती पोचवण्याचा वायदा २०१८ च्या उन्हाळ्याचा होता. आणि मेसेजमध्ये ना आदेशाचा क्रमांक, ना तारीख, ना गाडीचं नाव. 'पुढचा आठवडा' मात्र कोणत्याही आठवड्यात वाचला तरी पुढचाच राहतो.

घाटात थांबते म्हणणाऱ्याला हायब्रिड म्हणजे काय हेच ठाऊक नाही. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतंच. बॅटरी उतरली की इंजिन चालतं आणि बॅटरीही भरतं. कुंभार्ली उतरताना ब्रेकवर जी ताकद वाया जाते, ती हिच्यात परत बॅटरीत जाते. फोटोतल्या त्या पोलीस गाडीची बॅटरी १.४ किलोवॅट-तासाची होती. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी त्याच्या दुप्पट असते आणि आत्याचा नातू तसल्या स्कूटरवरून भर पावसात तिचं रेशन आणतो. पाठलागाला चालेल अशी मान्यता मिळालेली ती पहिली हायब्रिड पोलीस गाडी होती. फुटपाथच्या कडेवर चढणं आणि पाणी भरलेल्या चौकातून जाणं हे त्या मान्यतेत येतं, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. पाणी भरलेला चौक, हे शब्द मेसेज लिहिणाऱ्याने वाचायला हवे होते.

शिवाय आपल्या रस्त्यावर 'स्मार्ट हायब्रिड' असं लिहिलेल्या एर्टिगा कितीतरी दिवस धावतायत. त्यांच्यात ४०० व्होल्ट नाहीत, सगळा कारभार १२ व्होल्टवर आहे. गोव्याला जाताना त्यांत बसलेल्या लोकांनीच हा मेसेज पुढे ढकललाय.

रेडिएशनवर मी फार बोलणार नाही. तारेतून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते मिक्सरलाही होतं. क्ष-किरणांसारखं ते पेशी तोडणारं नसतं.

राहिला पैसा. हायब्रिड गाडी महाग असते, हे खरं. आमच्या बाजूला तिची बॅटरी उघडू शकणारे हात मोजके आहेत, हेही खरं. उद्या खरंच अशा गाड्या घ्यायच्या ठरल्या तर दुरुस्ती कुठे होणार, हा प्रश्न मी स्वतः विचारीन. पण चुराडा म्हणण्याआधी गणपतीच्या बंदोबस्तात बहादूरशेख नाक्यावर उभी राहणारी गाडी आठवा. जागची हलत नाही, पण दिवे चालू, वायपर चालू, वायरलेस चालू, म्हणून इंजिनही चालू, आणि मागे रेनकोटात उभा असलेला शिपाई रात्रभर तो धूर खातो. फोर्डच्या हिशोबात पोलिसांची गाडी आठ तासांच्या पाळीत सरासरी ४.९ तास अशी उभ्याउभ्या चालत असते. हायब्रिडमध्ये तेवढा वेळ दिवे आणि वायरलेस बॅटरी ओढते, इंजिन अधूनमधूनच लागतं. आकडा कंपनीचा आहे, माल विकणाऱ्याचा आहे, तेवढा सावधपणा ठेवून वाचा. पण नाक्यावरचं दृश्य आपल्या सगळ्यांचंच बघितलेलं आहे.

काल दुपारी आत्याकडे जाऊन आलो. एक हायब्रिड गाडी कामाला आली होती, मालकाला विचारून तीच नेली. अंगणात पाऊस साचला होता, गाडी त्या पाण्यातच उभी केली. मी अनवाणी उतरलो, दारावर हात ठेवला. आत्या पायरीवरून बघत होती. मग पदर खोचून खाली आली, घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि तिने दाराला आधी एक बोट लावलं, मग पूर्ण तळवा. "गार लागतंय नुसतं," म्हणाली. तेच तिच्या आवाजात रेकॉर्ड करून तिच्याच हाताने बचत गटाच्या ग्रुपवर टाकलंय.