अनुदान हवेच, पण वंशही टिकला पाहिजे
राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान मंजूर केले, त्याचे स्वागत करणारा आपला लेख वाचला, ते स्वागत मनापासून पटले. गाय आमच्या घरची देवताच आहे. वसुबारसेला सवत्स गाईची पूजा झाल्याशिवाय आमची दिवाळी सुरू होत नाही.

पण लेखात सगळ्या देशी गाई एकाच नावाखाली आल्या, हे खटकले. अकोले-इगतपुरीच्या धुवांधार पावसात डांगी जातीची गायच टिकते, कारण तिच्या कातडीला तेलकट ओल असते. माणदेशाच्या कोरड्या माळावर खिल्लार, लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. हे वंश गोशाळेच्या आवारात राखता येणार नाहीत, ते गोठ्यातच राखले जातील. त्यासाठी गावात त्याच जातीचा चांगला वळू हवा. पूर्वी देवाच्या नावाने वळू सोडत, ती मोठी धर्मसेवा होती! आज कोणी दान द्यायचे म्हटले तर मी हेच सुचवीन, किंवा भाकड गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला चैत्र-वैशाखात कडब्याची गाडी द्या. दूध आटले की खरा खर्च त्याच्याच अंगावर पडतो.

आणि हात जोडून विनंती, गोग्रास प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकू नका. ती पिशवी गाईच्या पोटात साठत जाते आणि शेवटी तिचा जीव घेते.