कुडलच्या शिलालेखाला तेल लावू नका

"हत्तरसंग कुडलचं संगमेश्वर मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं. दगड मंत्राने जोडले, म्हणून चुना दिसत नाही. तुळईवरच्या अक्षरांना तेल-हळद चोळा, कोर्टातला दावा जिंकाल." सोलापूर जिल्ह्यातल्या या देवळाबद्दलचा हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला. जमिनीच्या दाव्याच्या तारखेआधी कुडलला जायचं म्हणून तिने तेलाची बाटली पिशवीत भरूनही ठेवली.

म्हणून आधी तेलाचं. त्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो वाचेल तो विजयी होईल, असं त्यात कोरलंय. दाव्याची टूम कुणीतरी तिथूनच काढली असणार. पण लेख वाचायला सांगतो, चोळायला नाही! तेलावर धूळ बसते, त्यात हळद मिसळते, अक्षरांच्या खाचा बुजतात. मग कुणी भक्तिभावानेच तारेचा ब्रश घेऊन तो थर खरवडतो आणि हजार वर्षं टिकलेल्या अक्षरांच्या कडा झिजतात. एकाने लावलं की मागचे दहा जण लावतात. तारखेला कागदपत्रं आणि वकील लागतात, मावशी. ती पिशवीत भर.

पांडवांचं उत्तर तोच लेख देतो. त्यातला शक कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी दख्खनवर राज्य करणाऱ्या घराण्याच्या काळातला आहे. महाराष्ट्रातलं प्रत्येक जुनं देऊळ पांडवांच्या नावावर घालून आपण ते घडवणाऱ्या पाथरवटांचं श्रेय काढून घेतो, याचा मला खरंच राग येतो.

चुना नाही, हे खरं. पण त्या काळच्या दगडी देवळांची रीतच ती. घडीव दगड खाचा-खुंट्यांनी एकमेकांत बसवायचे आणि वरच्या वजनाने घट्ट ठेवायचे. मंत्र नव्हे, हिशेब आणि छिन्नी.

"मराठीतला पहिलाच लेख" हेही मेसेजात आहे. फार जुना, एवढं मान्य. पण अलिबागजवळच्या आक्षी गावातल्या लेखाचा शक ९३४ वाचला जातो, त्यामुळे पहिलेपणाचा वाद आहे.

कुडलला जरूर जा. भीमा-सीनेचा संगम बघा. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात १९९९ च्या उत्खननात सापडलेलं ३५९ मुखांचं शिवलिंग बघा. शिलालेखावर मोबाईलचा टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा. सावली पडली की अक्षरं उठून दिसतात. हात मात्र लावू नका.