डीएक्स७ची बॅटरी संपली म्हणजे सिंथ गेला? नाही

यामाहा डीएक्स७ (१९८३) या सिंथेसायझरमधली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाद्यामधली, बॅटरी संपली की वाद्य कायमचं मुकं होतं, असं सध्या फिरतंय. ते चूक आहे. ही ३ व्होल्टची सीआर२०३२ फक्त अंतर्गत मेमरीतले ३२ आवाज आणि काही सेटिंग्ज जपते. ध्वनीनिर्मितीशी तिचा संबंध नाही. बॅटरी मेली की त्या जागी कचरा डेटा दिसतो, त्यालाच लोक बिघाड समजतात.

‘फंक्शन’ दाबून १४ नंबरचं बटण दाबा, व्होल्टेज दिसेल. बदलण्याआधी मिडीवरून (वाद्य संगणकाला जोडणारी व्यवस्था) सिसेक्स डंप, म्हणजे साठवलेल्या आवाजांची प्रत, घ्या. ३२ आवाजांची फाइल ४१०४ बाइटची येते. परत भरताना मेमरी प्रोटेक्ट (मेमरीवर नवं लिहू न देणारी सेटिंग) बंद नसेल तर काहीच शिरत नाही. मूळ बॅटरी पट्ट्यांनी बोर्डाला डाखलेली असते. नव्या सेलवर थेट डाख देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो, होल्डरच बसवा.