धर्म बदलला की सुटका व्हायची? स्पेनच्या इन्क्विझिशनवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

आत्याचा फोन रात्री साडेदहाला आला. ती फोंड्याला असते, वय चौऱ्याहत्तर, नऊ वाजता झोपते. एवढ्या रात्री तिचं नाव स्क्रीनवर दिसल्यावर पोटात गोळाच आला. पण कोणाला काही झालं नव्हतं. तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्पेनच्या इतिहासाबद्दल एक लांबलचक मजकूर आला होता आणि त्यातल्या एका वाक्याने तिची झोप उडाली होती. "अगो, ह्यात लिहिलंय, धर्म बदलला की मग कोणी हात लावत नसे, घराणी सुखाने नांदायची. मग आपले लोक वेडे होते काय, देवीला घेऊन नदीपल्याड पळाले ते?"

आमची म्हाळसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात ती म्हार्दोळला आली आणि तिच्याबरोबर आमच्यासारखी कितीतरी घरं आली. आत्याच्या लेखी ही कालपरवाची गोष्ट आहे. म्हणून तिला लागलं, आणि म्हणून मी हे लिहितेय. हाच मजकूर गेल्या आठवड्याभरात मला आणखी चौघांकडून आला. चौघेही शिकलेले आहेत.

मजकुरात सहा मुद्दे आहेत. एक, इन्क्विझिशन म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय, ते पोपने चालवलं, स्पेनच्या राजाचा त्यात हात नव्हता. दोन, त्याने ९० लाख बायका चेटकिणी म्हणून जाळल्या. तीन, ज्यू आणि मुसलमानांनी धर्म बदलला की त्यांची सुटका होई. चार, बाईला मिळकत नव्हती, स्वतःचं नावही नव्हतं. पाच, मुलीला न विचारता बाप आणि पाद्री तिचं लग्न लावून देत. सहा, हेच स्पेनचं इन्क्विझिशन पुढे गोव्यात आलं.

तिसरा मुद्दा आधी घेते. तो नुसता चुकीचा नाही, उलटा आहे.

इन्क्विझिशनचा अधिकार मुळात चालायचा तो बाप्तिस्मा झालेल्या माणसांवर. ज्यू ज्यू राहिला, तर सहसा त्याच्यावर पाखंडाचा खटला भरता येत नसे. त्याने बाप्तिस्मा घेतला की तो ख्रिस्ती झाला, आणि ख्रिस्ती झाला की 'हा मनातून जुनाच धर्म पाळतो' हा आरोप त्याच्यावर ठेवता येई. म्हणजे ज्या दिवशी धर्म बदलला, त्याच दिवशी तो त्या न्यायालयाच्या तावडीत आला. ३१ मार्च १४९२ ला स्पेनचा राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांनी हुकूम काढला की ज्यूंनी जुलैअखेर देश सोडावा. राहायचं तर बाप्तिस्मा घेणं एवढाच मार्ग होता. जे राहिले त्यांना आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांना पुढे कोणी विसरलं नाही.

चौकशी सुरू व्हायची ती स्वयंपाकघरातून. चर्चमध्ये एक जाहीरनामा वाचून दाखवत. शेजाऱ्यांनी, नोकरांनी, नातेवाइकांनी काय काय पाहून येऊन सांगायचं, याची त्यात यादी असे. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणं. शनिवारी धुतलेला सदरा घालणं, पलंगावर स्वच्छ चादर घालणं. मांसावरची चरबी काढून टाकणं. डुकराचं मांस न खाणं. शनिवारचं जेवण आदल्या दिवशीच शिजवून ठेवणं. मरताना तोंड भिंतीकडे वळवणं. आन्द्रेस बेर्नाल्देस हा त्या काळचा पाद्री आणि बखरकार. हे लोक डुकराच्या चरबीऐवजी तेलात मांस शिजवतात, अशी त्याचीही तक्रार आहे. घरच्या बाईने कढईत काय ओतलं, यावर घराणं बरबाद होऊ शकत होतं. आणि सांगणारी बरेचदा घरातलीच असे: काढून टाकलेली मोलकरीण, वाटणीवरून बिनसलेला दीर, छळाला कंटाळलेला सख्खा भाऊ. साक्षीदाराचं नाव आरोपीला कळू देत नसत.

शिक्षा झालेल्याला पिवळा झगा घालायला लावत. त्याला साम्बेनितो म्हणत. तो घालायची मुदत संपली की झगा, माणसाच्या नावासकट, त्याच्या गावच्या चर्चमध्ये टांगत. कापड कुजलं की नवं टांगावं, असा लेखी नियम होता. कशासाठी, तर त्या घराण्याची बेअब्रू कायम राहावी म्हणून. आजोबांचं नाव लिहिलेला तो पिवळा कपडा दर रविवारी नातवाने बघायचा, आणि नातवाला मुलगी द्यायची की नाही ठरवणाऱ्या माणसानेही बघायचा.

यावर कळस म्हणजे 'रक्तशुद्धी'चे नियम. १४४९ मध्ये तोलेदो शहरात पहिल्यांदा ठरलं की ज्यूंच्या वंशजांना, ते कितीही पक्के ख्रिस्ती असले तरी, शहरातली पदं मिळणार नाहीत. त्याच वर्षी पोप पाचव्या निकोलसने या भेदाचा निषेध केला. उपयोग झाला नाही. १५४७ मध्ये तोलेदोच्या मुख्य चर्चनेच तो नियम स्वीकारला. हळूहळू कॉलेजं, लष्करी पंथ, मठ, सगळीकडे तो पसरला. एखाद्याला जागा हवी असली की चौकशी अधिकारी त्याच्या आईबापांच्या, आजी-आजोबांच्या गावी जात, म्हाताऱ्यांना बसवून विचारत, की यांच्या कुळात कोणी ज्यू, कोणी मूर म्हणजे मुसलमान, कोणी शिक्षा झालेला होता का. खर्च अर्ज करणाऱ्याचा. स्पेनमध्ये हे दाखले कायद्याने बंद झाले ते १८६५ मध्ये. कुळ, सोयरीक आणि गावातल्या म्हाताऱ्यांची कुजबुज यांनी माणसाचं भवितव्य ठरतं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायची गरज नाही.

आविलाच्या संत तेरेसाचं घर घ्या. तिचे आजोबा हुआन सांचेस तोलेदोचे कापडाचे व्यापारी, ज्यू वंशाचे ख्रिस्ती. १४८५ मध्ये त्यांनी इन्क्विझिशनपुढे कबुली दिली आणि सात शुक्रवार साम्बेनितो घालून शहरातल्या चर्चेसची फेरी केली. मग ते आविलाला गेले. पुढे त्यांच्या मुलांनी वायादोलिदच्या कोर्टात दावा लावून आपण हिदाल्गो, म्हणजे खानदानी सरदार कुळातले, असल्याचा निकाल मिळवला. हे कागद विसाव्या शतकात उजेडात येईपर्यंत तेरेसाच्या चरित्रांत तिचं कुळ निर्मळ जुन्या ख्रिश्चनांचं म्हणूनच लिहिलं जात होतं. १६२२ मध्ये तिला संतपद मिळालं, त्याच दिवशी ते फ्रान्सिस झेवियरलाही मिळालं. जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलं आहे, तोच. झेवियरच्या जेझुइट पंथाचा दुसरा प्रमुख दिएगो लाइनेस ज्यू वंशाचा होता, तरी १५९३ मध्ये त्याच पंथाने ज्यू वंशजांना दार बंद केलं.

तत्त्वज्ञ लुइस विवेसच्या घरचं तर वाचवत नाही. वडिलांना वालेन्सियात जाळलं. आई प्लेगने जाऊन वीसेक वर्षं झाली होती. तिच्यावरही खटला चालवला, हाडं उकरून काढली आणि ती जाळली. मुलगा तेव्हा परदेशात होता, तो परत आलाच नाही. आणि मायोर्का बेटावर पंधरा आडनावं अशी होती की त्या घरांशी इतर कोणी सोयरीक करत नसे. त्यांच्या पूर्वजांचे साम्बेनितो पाल्मातल्या एका मठात १८२० पर्यंत लटकत होते. त्या आडनावांचा डाग विसाव्या शतकापर्यंत टिकला. ही सगळी माणसं पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती होती.

मुसलमानांचंही तेच. स्पेनच्या कास्तील राज्यात १५०२ ला आणि वालेन्सिया-आरागोन या भागांत १५२६ पर्यंत त्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. शंभर वर्षं ते चर्चच्या नोंदवह्यांत ख्रिस्ती म्हणून होते. आणि १६०९ ते १६१४ या काळात त्यातल्या जवळपास तीन लाखांना जहाजात भरून हाकलून दिलं. तान्ही मुलं ठेवायची की न्यायची, हाही प्रश्न राजदरबारात चर्चिला गेला. 'धर्म बदलला की सुटका' लिहिणाऱ्याने ही एक तारीख जरी पाहिली असती तरी त्याचा हात थांबला असता.

आता ९० लाख चेटकिणी. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसाने आपल्या गावच्या मूठभर खटल्यांवरून सगळ्या युरोपचा हिशेब करून काढला होता. आज अभ्यासक संबंध युरोपात, तीनेक शतकांत मिळून, ४० ते ६० हजार बळी मानतात. तेही भयंकरच आहे. पण त्यात स्पेनच्या इन्क्विझिशनचा वाटा फार थोडा, आणि हे खात्रीने सांगता येतं ते डॅनिश अभ्यासक गुस्ताव हेनिंग्सेनमुळे. त्याने माद्रिदमधल्या दप्तरातून आलोन्सो दे सालाझार या चौकशी अधिकाऱ्याचे कागद बाहेर काढले.

उत्तर स्पेनच्या नावार प्रांतातल्या सुगारामुर्दी गावच्या लोकांवर चेटूक केल्याचा खटला झाला आणि नोव्हेंबर १६१० मध्ये लोग्रोन्यो शहरात सहा जणांना जाळलं: चार बायका, दोन पुरुष. आणखी पाच तुरुंगातच मेले होते, त्यांचे पुतळे जाळले. त्या खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी सालाझार एक. पुढच्या वर्षी तो डोंगरात गेला आणि आठेक महिने गावोगाव फिरला. १,८०२ माणसं त्याच्यापुढे आली, त्यातली १,३८४ लहान मुलं. सालाझारने प्रत्येक गोष्ट तपासली. 'चेटकिणींचं मलम' म्हणून आणून दिलेली मडकी जनावरांवर वापरून पाहिली, काही झालं नाही. सैतानाशी संबंध आल्याचं सांगणाऱ्या मुलींना बायकांकडून तपासलं, त्या कुमारिका निघाल्या. ज्या रात्री, ज्या जागी चेटकिणींचा मेळा भरला म्हणून सांगितलं होतं, तिथे त्याचे दोन लेखनिक त्याच रात्री होते, त्यांनी काही पाहिलं नाही. त्याने लिहिलं की चेटकिणींबद्दल बोलायला आणि लिहायला सुरुवात होईपर्यंत तिथे ना चेटकिणी होत्या, ना झपाटलेले. १६१४ मध्ये इन्क्विझिशनच्या वरच्या मंडळाने त्याचं म्हणणं मानून नवे नियम काढले आणि चेटकिणी जाळणं इन्क्विझिशनपुरतं जवळपास थांबलं. एवढं मात्र कबूल करते की गावची आणि जहागिरदारांची कोर्टं थांबली नाहीत. कॅटलोनियात १६१८ ते १६२२ च्या दरम्यान त्यांनी पुष्कळ बायकांना फासावर चढवलं.

याच हेनिंग्सेनने एका सहकाऱ्यासोबत १५४० ते १७०० मधल्या सुमारे ४४ हजार खटल्यांची मोजदाद केली. त्यात प्रत्यक्ष मारलेले सव्वाआठशेच्या आसपास आहेत. यावरून इन्क्विझिशन सौम्य होतं असं कोणी मला सांगू नये. सर्वांत रक्तरंजित दशकं १५४० च्या आधीची आहेत, ती या मोजणीत नाहीत. आणि जाळलेल्यांची संख्या मोजून त्या पिवळ्या झग्यांची मोजदाद होत नाही.

पोप आणि राजाचा मुद्दा पटकन आटोपते. १ नोव्हेंबर १४७८ ला पोप चौथ्या सिक्स्टसने परवानगी दिली हे खरं. पण चौकशी अधिकारी नेमायचा हक्क फर्नांदो आणि इसाबेल यांनी घेतला, जप्त मिळकत राजाच्या खजिन्यात जाई. १४८२ मध्ये आरागोनमधल्या जुलमाबद्दल पोपनेच तक्रार केली, तेव्हा फर्नांदोने त्याला गप्प केलं. १५५९ मध्ये तर खुद्द तोलेदोचा आर्चबिशप कारान्सा, म्हणजे स्पेनच्या चर्चमधला सर्वांत मोठा माणूस, पकडला गेला आणि १७ वर्षं कैदेत राहिला. त्याला रोमला आणायला पोपला वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

बाईच्या मिळकतीबद्दल मजकूर अर्धवट आहे. कास्तीलच्या कायद्यात मुलीला मुलाबरोबरीने वारसा होता, संसारात मिळवलेल्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा होता, आणि हुंडा तिचाच राहायचा, नवरा गेला की तिला परत मिळायचा. नाव तर बदलतच नसत. तेरेसा स्वतःला आहुमादा म्हणवायची, ते तिच्या आईकडचं नाव. तरी नवऱ्याच्या परवानगीशिवाय बाईला करार करता येत नसे, आणि बड्या घराण्यांत सगळी इस्टेट थोरल्या मुलाकडे जाईल अशी तजवीज करून ठेवत. तेवढं खरं धरा. लग्नाबद्दल १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेन्ट इथल्या धर्मसभेने ठरवलं की पाद्री आणि साक्षीदार हवेत, पण आईबापांची संमती नसली तरी लग्न वैध. बापाची संमती कायद्याने आणली ती राजा तिसऱ्या कार्लोसने, १७७६ मध्ये. घरातला दबाव होताच, तो कुठे नव्हता!

राहिलं गोवा. गोव्याचं इन्क्विझिशन पोर्तुगालचं. ते १५६० मध्ये आलं, १७७४ ते १७७८ बंद होतं, १८१२ मध्ये कायमचं गेलं, आणि त्याची सूत्रं लिस्बनहून हलत. स्पेनचा नमुना पोर्तुगालने समोर ठेवला होता, आणि गोव्यासाठी त्याची मागणी करणारं १५४६ चं पत्र नावारमध्ये जन्मलेल्या झेवियरचं, हे मान्य. आणि रीतही तीच होती. इथेही अनेक खटले बाटलेल्यांवर झाले. १७३६ च्या जाहीरनाम्यात नव्या ख्रिश्चनांना कोणत्या गोष्टींची मनाई होती ते पाहा: दारात तुळस लावणं, एकादशीचा उपास, लग्नात विडे वाटणं, आणि हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवणं.

हे सगळं मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. भाताच्या ओळीपाशी तिने मला थांबवलं. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. "मी रोज तसाच शिजवते गो," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.