‘पैसे फक्त सफरचंदाच्या चिन्हाचे’: हा दावा कितपत खरा?

‘अ‍ॅपलच्या मॅकबुक लॅपटॉपमधले भाग इतर लॅपटॉपसारखेच असतात, जास्तीचे पैसे केवळ चिन्हाचे,’ असा संदेश महाविद्यालयीन प्रवेशांच्या दिवसांत हमखास फिरतो. त्यावर विसंबून पालक मोठी खरेदी ठरवतात, म्हणून तो तपासायला हवा.

‘भाग तेच’ हे विधान एके काळी बऱ्याच अंशी खरे होते. २००६ पासून अ‍ॅपलच्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर असत आणि डेल किंवा एचपीच्या लॅपटॉपमध्येही इंटेलचेच प्रोसेसर मिळत. नोव्हेंबर २०२० मध्ये मात्र कंपनीने स्वतः आराखडा केलेली, इंटेलहून वेगळ्या अशा एआरएम रचनेवर आधारित एम१ ही चिप आणली. तिच्यात प्रोसेसर व ग्राफिक्स एकत्र असून दोहोंना रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी स्मृती) सामायिक आहे, आणि तिला वीज इतकी कमी लागते की ती असलेल्या मॅकबुक एअर या हलक्या लॅपटॉपमध्ये पंखाच बसवलेला नाही. या बदलाचे मोल मालकांना पुढे कळले: २०२० च्या आरंभी इंटेलचे एअर घेणाऱ्याला २०२५ ची ‘टाहो’ ही मॅकची नवी कार्यप्रणाली मिळाली नाही, त्याच वर्षअखेरीस एम१चे एअर घेणाऱ्याला ती विनामूल्य मिळाली. बाहेरून ही दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखीच दिसतात.

‘पन्नास हजारांचा लॅपटॉप तेच काम करतो,’ हा दुसरा मुद्दा. टंकलेखन आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर तो मला मान्य आहे. पण किमतींची तुलना करायची तर तेवढाच हलका, तेवढ्याच स्पष्ट पडद्याचा आणि धातूच्या बांधणीचा विंडोज लॅपटॉप समोर ठेवावा. तो घ्यायला गेल्यास किमतीतले अंतर पुष्कळच कमी होते.

संदेशात ज्याचा उल्लेखही नसतो, ती जादा रॅम आणि साठवण हीच माझ्या मते खरी महाग बाब आहे. एम१च्या एअरमध्ये ८ जीबीऐवजी १६ जीबी रॅम घेण्यासाठी भारतात २०,००० रुपये अधिक मोजावे लागत, आणि ती नंतर वाढवण्याची सोय नव्हती, कारण रॅम चिपबरोबरच कायमची जोडलेली असते. ही आकारणी मला अवाजवी वाटते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून एअरची मूळ रॅमच १६ जीबी झाल्याने ग्राहकाची ही अडचण बरीच हलकी झाली, साठवणीची मात्र तेव्हा झाली नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्स हे यंत्रभागांचे आराखडे करण्याचे सॉफ्टवेअर अनिवार्य असेल, तर मात्र मॅक घेऊ नये, कारण ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेली आहेत.