थुंकी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही, असं धरून चालू नका

देवगड-मालवण पट्ट्यात मी लॅब टेक्निशियन आहे. थुंकीच्या स्लाइड बघणं हे रोजचं काम, म्हणून ठामपणे लिहिते. एचआयव्ही असलेल्या माणसाला ताप आहे, वजन उतरतंय आणि थुंकी निगेटिव्ह आली, तर त्या एका कागदावर त्याला घरी पाठवू नये. आधी त्याचा सीडी-४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) किती आहे ते बघावं.

टीबीने फुफ्फुसात खड्डे पडतात, ते एकटे जंतू पाडत नाहीत. आपल्या संरक्षक पेशी जंतूंशी झुंजतात, त्या झुंजीत ते पडतात. मग खड्ड्यातले जंतू खोकल्याबरोबर बाहेर येतात आणि स्लाइडवर निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसतात. निरोगी माणसाचा सीडी-४ साधारण ५०० ते १५०० असतो. एचआयव्हीमध्ये तो ३५०च्या वर असेपर्यंत टीबी बहुधा अशाच ओळखीच्या रूपात येतो. २००च्या खाली गेला की झुंजायला कोणी उरत नाही. खड्डे पडत नाहीत, एक्स-रे कधी कधी अगदी स्वच्छ येतो. मांटू टेस्टची (टीबीसाठी हातावर सुई टोचून बघतात ती) गाठसुद्धा याच पेशींमुळे उठते, त्यामुळे हातावर काहीच उमटत नाही. जंतू मात्र रक्तातून मानेच्या गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात पोचलेले असतात. प्रतिकारशक्ती जितकी ढासळलेली, तितका टीबी आमच्या नेहमीच्या तपासण्यांना हुलकावणी देतो. ज्याला सर्वांत जास्त धोका, त्याचाच रिपोर्ट निगेटिव्ह!

स्लाइडवर जंतू सापडायला एक मिलिलिटर थुंकीत निदान पाच ते दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅट म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारं मशीन, त्याला शे-दीडशे पुरतात. तसंच काम करणारं ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यात तयार होतं, बॅटरीवर चालतं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. सीडी-४ फारच कमी असेल तर लघवीतून टीबी पकडणारी लॅम टेस्टही आहे. ज्याला खोकून थुंकी काढायचीही ताकद नाही, त्याच्यासाठी ती फार मोलाची.

ट्रॉलरवरचा एक खलाशी आठवतो. कमरेला सुतळी बांधून पँट सावरत आला होता. एचआयव्ही आधीच माहीत होता, पण गोळ्या मध्येच सोडलेल्या. एका दवाखान्यात थुंकी निगेटिव्ह आल्यावर ताकदीचं टॉनिक देऊन पाठवून दिलेलं. बायको मला म्हणाली, "ओ ताई, खोकलोच नाय, मगे टीबी खयसून?" प्रश्न अगदी रास्त होता. काखेतल्या गाठीतलं पाणी सुईने काढून सीबीनॅटला लावलं, त्यात टीबी निघाला. सीडी-४ शंभरच्याही खाली होता.

पुढे जे होतं तेही घरच्यांनी समजून घ्यायला हवं. टीबीची औषधं सुरू होतात, साधारण दोन आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू होते (मेंदूचा टीबी असेल तर डॉक्टर थोडं थांबतात). आणि मग अचानक ताप चढतो, गाठी वाढतात. घरात एकच वाक्य, "औषध बाधला", आणि गोळ्या बंद! खरं तर सावरलेल्या पेशी आता जंतूंवर तुटून पडत असतात, त्याची ती सूज असते. सीडी-४ जितका खाली असताना सुरुवात, तितकी याची शक्यता जास्त. अशा वेळी रात्र असो, एसटी नसो, मिळेल त्या गाडीने डॉक्टरकडे जा. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका.

२०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी एआरटी मिळते. हा फार चांगला निर्णय. पण त्यामुळे "आता सीडी-४ कशाला बघायचा?" असंही कानावर येतं, ते मला अजिबात पटत नाही. गोळ्या द्यायच्या की नाही यासाठी तो नको असेल. टीबी कुठे आणि किती कसून शोधायचा, हे ठरवायला तो हवाच. सीडी-४ चांगला असला तरी टीबी होऊ शकतो, म्हणून खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम हे चार प्रश्न दर भेटीला विचारलेच पाहिजेत. चारही नसतील तर प्रतिबंधक औषध आहे. तेही मागून घ्या.

माझं मागणं एवढंच आहे: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गावचे खलाशी घरी असतात. त्या दोन महिन्यांत बंदरावर हे चार प्रश्न सगळ्यांनाच विचारा, बोटीच्या तांडेलापासून (प्रमुखापासून) जाळी विणणाऱ्यापर्यंत. सगळ्यांनाच विचारले की कोणाकडे बोट दाखवलं जाणार नाही. एचआयव्हीची तपासणी मात्र आत, बंद दाराआड, त्याच्या संमतीनेच व्हावी आणि रिपोर्ट त्याच्याच हातात पडावा. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदाही हेच सांगतो. ज्यांचा एचआयव्ही आधीच माहीत आहे, त्यांचा सीडी-४ आणि सीबीनॅट ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या आत झालेला असावा. आरोग्य खात्यातल्या आणि मच्छीमार सोसायट्यांमधल्या ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचेल, त्यांनी येत्या मे महिन्यातच याची आखणी करावी. लॅबचं काम मी करीन, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.