चहा गरम होतोय, कॉल बंद पडलाय

आज दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी ऑफिसातल्या १८ जणांनी माझं थोबाड बघितलं. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, उजवा हात हवेत. शिंक येता येता कुणाला तरी शाप द्यायची वेळ आल्यासारखं. अशी मी त्या स्क्रीनवर पूर्ण ३० सेकंद थिजून बसले होते. वाक्य चाललं होतं, ‘आणि या तिमाहीत आपला एकूण खर्च...’ खर्चाचा आकडा काढायला तीन आठवडे घासले होते मी. परत आवाज आला तेव्हा मॅनेजर म्हणत होता, ‘ओके, मूव्हिंग ऑन.’ आणि चॅटमध्ये कुणीतरी कर्तव्यबुद्धीने कळवलेलं, ‘यू फ्रोझ.’ हो का? कळलंच नसतं मला.

स्वयंपाकघरातून घर्रर्र आवाज येत होता. बाबा चहा गरम करत होते.

बाबा म्हणजे सासरे. आणि चहा म्हणजे नवा नाही, सकाळी ८ वाजता मीच करून दिलेला. बाबा कप टीपॉयवर ठेवतात, पेपर उघडतात, शेवटच्या पानापासून वाचत येतात. निधनवार्तांपर्यंत पोचले की कपावर जाड साय. ती चमच्याने काढून बशीच्या कडेला ठेवायची, कप मायक्रोव्हेवमध्ये, ३० सेकंद. दोन घोट घेतात तोवर जोशीकाकांचा फोन येतो. फोन संपला की परत ३० सेकंद. आज मी मोजलं. एक कप, पाच वेळा. पाचव्या वेळी त्यात जे उरलं होतं त्याला मी चहा म्हणणार नाही, त्याने फर्निचर पॉलिश करता येईल.

आठ महिने मी इंटरनेटवाल्यांना शिव्या घालतेय. आठ महिने! दर वेळी तेच, ‘मॅडम, कुठला दिवा लागलाय, हिरवा की लाल? एकदा बंद करून चालू करा.’ अरे बाबा, ती विद्या मला येते. बरं, ते कनेक्शन लावायला आलेला मुलगा. हॉलमध्ये राउटर लाव म्हटलं तर म्हणे, ‘वायर एवढीच आहे मॅडम.’ आणि गेला तो फ्रिजच्या डोक्यावर ठेवून, लोणच्याच्या बरणीमागे. फ्रिजला चिकटून फळी, फळीवर मायक्रोव्हेव. भांडखोर शेजाऱ्यांना एकाच बाकावर बसवावं तसं. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहिती आहे आणि तो मुलगा फोन उचलत नाही.

मायक्रोव्हेव चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर. वायफायच्या लहरींचा जुना पट्टा २.४ ते २.४८. म्हणजे भर रस्त्यात ट्रक आडवा घातलेला. आमचा मायक्रोव्हेव ८०० वॅटचा, राउटरची ताकद जेमतेम ०.१ वॅट. त्या ८०० चा दहा हजारावा हिस्सा जरी दाराच्या फटीतून बाहेर आला तरी राउटरचा आवाज बुडाला. माणसाला त्याने काही होत नाही. माणसाच्या अप्रेझलला होतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. चूक माझीच. बाबा वीज मंडळात ३४ वर्षं होते. ‘अगं, तू मला वीज शिकवू नकोस. चहाचा आणि इंटरनेटचा काय संबंध?’ आणि मग नेहमीचं ठेवणीतलं अस्त्र, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ नव्हतं कसं? तुमच्या वेळी आईंनी चटणीला मिक्सर लावला की टीव्हीवर पांढऱ्या रेघा नाचायच्या, आणि खालच्या काकांनी स्कूटरला किक मारली की ऐन शेवटच्या ओव्हरला पडद्यावर मुंग्या. तेव्हा गॅलरीतून ‘अहो, जरा थांबा हो!’ असं ओरडणारे कोण होते? तुम्हीच होता बाबा. हे तुमच्याच लेकाने सांगितलंय.

मग मी ऑस्ट्रेलिया काढलं. पार्क्स नावाच्या ठिकाणी ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना १९९८ पासून अधूनमधून एक गूढ सिग्नल यायचा. अंतराळातून येतोय की आणखी कुठून, छडा लागेना. २०१५ मध्ये सापडलं काय, तर तिथलाच मायक्रोव्हेव. कुणीतरी वेळ संपायच्या आत धीर सुटून दार उघडायचं, त्या क्षणी जे बाहेर निसटायचं ते दुर्बीण टिपत होती. १७ वर्षं!

मी हे मुद्दाम सांगितलं, कारण बाबा अगदी हेच करतात. त्यांना ती शेवटची टिंग टिंग आवडत नाही. २ सेकंद उरले की खाडकन दार.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘म्हणजे तेही चहाच गरम करत होते.’

आणि वेल्समधल्या एका खेड्यात तर एका घरातला जुना टीव्ही सकाळी ७ वाजता सुरू झाला की अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड झोपायचं, तब्बल दीड वर्षं. २०२० मध्ये इंजिनिअर यंत्र हातात धरून पावसात गल्लीगल्ली फिरले तेव्हा सापडला. त्या घरच्यांना इतकी शरम वाटली की टीव्ही परत लावणार नाही म्हणाले. शरम! हा शब्द आमच्या घरात मायक्रोव्हेवच्या आसपास फिरकलेला नाही.

‘वायफायच्या नव्या, पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा ना,’ हे सांगणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे. गेले मी. मधे दोन भिंती आणि सासूबाईंचं स्टीलचं कपाट. पाचवाला सिग्नल कपाटापाशी येऊन धापा टाकतो. आणि आमचा राउटर स्वतःला स्मार्ट समजतो, दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो आणि सिग्नल जरा बारीक झाला की लॅपटॉपला गुपचूप जुन्या पट्ट्यावर आणून सोडतो. तिथे सोसायटीतली १९ नेटवर्कं आधीच एकमेकांच्या उरावर बसलेली. या पट्ट्यातल्या वाटा म्हणजे चॅनेल, त्यातले १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत, तर निम्मी सोसायटी ६ वर आणि उरलेली ६ च्या आसपास. त्यातल्या एकाचं नाव ‘तुझ्याबापाचंवायफाय’. तिसऱ्या मजल्यावरचा तो, मला माहिती आहे. पार्किंगमध्ये गाडीही तशीच लावतो.

मग वायफायच नको म्हणून राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लांब वायर आणली, २० मीटरची, निळी. स्वयंपाकघर, पॅसेज, बेडरूम. पहिल्याच दिवशी झाडू मारताना मावशींनी ती गुंडाळून वर ठेवली, लॅपटॉपसकट ओढून. ‘ताई, पायात येत होती.’

काल रात्री जेवताना मी जाहीर केलं की या घरात १० ते ६ मायक्रोव्हेव बंद. दुर्बिणीपासून वेल्सपर्यंत सगळं पुन्हा एकदा ऐकवलं, पोळीचा तुकडा हातात नाचवत. नवरा इतका वेळ मान खाली घालून आमटी भुरकत होता. म्हणाला, ‘रात्री साडेदहाला माझा अमेरिकेचा कॉल असतो तेव्हा पॉपकॉर्न कोण करतं गं?’

पॉपकॉर्नची गोष्ट वेगळी आहे.

‘३ मिनिटं लागतात त्याला,’ तो म्हणाला. ‘रोज. मला वाटायचं अमेरिकेकडचंच काहीतरी गंडलंय.’

बाबा काही बोलले नाहीत. फक्त ताकाचा पेला तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिले, ती नजर मी बरेच दिवस विसरणार नाही. मायक्रोव्हेवबंदीचा ठराव मी मागे घेतला.

त्यावर उपाय म्हणून आज संध्याकाळी मी थर्मास आणला. स्टीलचा, अर्धा लिटरचा, चांगले ९०० रुपये मोजून. चहा भरला, बाबांच्या हाताशी ठेवला, वर सांगितलं, हवा तेवढा ओतून घ्या, गरमच राहील. बाबांना फार आवडला. उलटासुलटा करून बघितला, झाकण चारदा लावून काढलं. एक कप ओतला, घोट घेतला आणि दचकले. ‘अगं, भलताच कढत राहतो की हा!’

म्हणून त्यांनी कप निवायला टीपॉयवर ठेवला आणि पेपर उघडला.